मनोबल आणि नैसर्गिक उपायांवर नैराश्यातून बाहेर पडता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार महिने झाले, कशातच मन लागत नाही. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. नोकरी कशीबशी चालू आहे, पण घरी आलं की कपडेही न बदलता पडून राहावंसं वाटतं. घरचे म्हणतात, मन खंबीर कर, चांगले विचार कर. गोळ्या घ्यायची इच्छा नाही. तर केवळ मनोबल आणि नैसर्गिक उपायांच्या जोरावर यातून बाहेर पडता येईल का?

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बऱ्याच जणांना येतं. तीव्र नैराश्यात एवढ्यावरच भागवायला जाणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं. मी बरीच वर्षं मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण आधी मन ताळ्यावर आणायला बघतात, ते येत नाही, मग स्वतःलाच दोष देतात. सुरुवात वागण्यापासून करायची असते, मन मागून येतं. माझं उत्तर मुख्यतः याच मुद्द्याभोवती आहे. पण त्याआधी आपण नक्की कुठे आहोत ते बघून घ्या.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप कशी होती, भूक कशी होती, स्वतःबद्दल वाईट वाटत राहिलं का, असे प्रश्न आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. कमाल बेरीज २७. साधारणपणे ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ च्या पुढे मध्यम-तीव्र आणि २० च्या पुढे तीव्र असं धरतात. ही प्रश्नावली निदान करत नाही, अंदाज देते. १५ च्या वर बेरीज गेली तर पुढचं सगळं वाचा जरूर, पण डॉक्टरांची वेळ आधी घ्या.

नवव्या प्रश्नाचं मात्र वेगळं आहे. मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार येतात का, असा तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज किती झाली हे बघत बसू नका. आजच, एका माणसाला, स्पष्ट शब्दांत सांगा. विचार घोळत राहत असतील, कसं करायचं याचा आराखडा मनात तयार होत असेल, तर एकटे राहू नका. आपल्या भागातली आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. घरात साठलेल्या गोळ्या किंवा तसं काही असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. अशी लाट बरेचदा ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं याने जीव वाचतात.

अजून दोन गोष्टी तपासायच्या राहून जातात. पहिली शरीराची. थायरॉईड मंदावलेलं असेल, रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल, तर थकवा, उदासपणा, मंदपणा असं हुबेहूब नैराश्यासारखं चित्र दिसू शकतं. स्टेरॉईडसारख्या काही औषधांनीही मनःस्थिती बिघडते. साध्या रक्ततपासणीत जे कळतं त्यासाठी सहा महिने मनोबल वाढवत बसण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट अशी, की पूर्वी कधी तीन-तीन तास झोपूनही उत्साह ओसंडून वाहतोय, भराभर पैसे खर्च होतायत, बोलणं थांबत नाहीये, असे दिवस येऊन गेलेत का? गेले असतील तर हे साधं नैराश्य नसून बायपोलर आजार असू शकतो. त्यात उपचारांची दिशाच वेगळी असते, आणि घरगुती उपायांतलेही काही उलटू शकतात. हे डॉक्टरांना आपणहून सांगा. उदास अवस्थेत गेलेल्या माणसाला ते दिवस आजार म्हणून आठवत नाहीत, चांगले दिवस म्हणून आठवतात.

हे सगळं निस्तरलं आणि नैराश्य सौम्य-मध्यमच आहे असं दिसलं, तर गोळ्या आधी नको हा तुमचा आग्रह अडाणीपणाचा अजिबात नाही. ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कमी तीव्रतेच्या नैराश्यात पहिला उपाय म्हणून सरसकट गोळ्या देऊ नका, रुग्णाला हव्या असतील तर गोष्ट वेगळी, असंच म्हटलं आहे.

आता त्या 'चांगले विचार कर'बद्दल. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात बरं होतं त्यांना किंचित फायदा झाला. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता त्यांना वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. मला यात नवल वाटत नाही. उसनं अवसान आणून 'मी आनंदी आहे' म्हटलं की आतून लगेच उत्तर येतं, 'कुठे आहेस?' आणि मग पुरावे निघायला लागतात. आरशासमोर उभं राहून वाक्यं म्हणण्याचा सल्ला मी नैराश्यातल्या माणसाला देत नाही.

ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिलं होतं की नैराश्यात माणूस तीन गोष्टींकडे काळ्या नजरेने बघतो: स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे. त्यांच्या उपचारात, म्हणजे विचार-वर्तन उपचारात, विचार तपासायला शिकवतात आणि वागण्यातही बदल करायला लावतात. पुढे १९९६ साली नील जेकबसन यांनी या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. काही रुग्णांना पूर्ण उपचार, काहींना फक्त वागण्यातला बदल, म्हणजे दिवसाची आखणी आणि टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू परत जाणं. फक्त वागणं बदललेल्यांना पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच फायदा झाला. २०१६ साली ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीतही, मानसोपचाराचं प्रगत प्रशिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्यांनी दिलेला हा साधा उपचार, प्रशिक्षित थेरपिस्टनी दिलेल्या विचार-वर्तन उपचारापेक्षा कमी पडला नाही. साधा असल्यामुळे तो घरी, स्वतःच्या स्वतः करून बघण्याजोगा आहे.

यामागचं कारण असं. नैराश्यात माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. आधी छंद, मग मित्र, मग फोन उचलणं, मग अंघोळ. प्रत्येक वेळी सोडल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढची गोष्ट सोडणं सोपं जातं. पण ज्यातून बरं वाटण्याची, काहीतरी जमल्याची, कुणीतरी दोन शब्द बोलण्याची शक्यता होती, ते सगळं आयुष्यातून गेलेलं असतं. मग मन आणखी खाली जातं. इच्छा होईल तेव्हा उठू म्हणून वाट बघितली तर इच्छा येत नाही, कारण ती जिथून यायची ती वाटच बंद झालेली असते. बॅटरी उतरलेल्या गाडीला आधी धक्का मारावा लागतो, इंजिन नंतर धरतं. तसंच हे.

करायचं काय? पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त टिपण ठेवा. दर तासा-दोन तासांनी काय केलं आणि मन ० ते १० मध्ये कुठे होतं, एवढंच. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई ठामपणे सांगायच्या, 'दिवसभर सारखंच वाटतं, फरक काही नसतो.' त्यांच्या वहीतला रविवार असा होता (ओळख पटू नये एवढा बदल केलाय): दुपारी २ ते ५, पलंगावर फोन बघत, १. संध्याकाळी ६, कुंड्यांतली माती मोकळी केली, ४. रात्री ८, बहिणीशी फोन, ३, आणि पुढे बारीक अक्षरात 'नको वाटत होता'. एक आणि चार यात जो फरक आहे तो त्यांच्या लक्षातच राहत नव्हता. नैराश्यात आठवणी सपाट होतात, दिवस संपला की सगळा दिवस एकच राखाडी रंगाचा वाटतो. म्हणून कागद लागतो. आणि त्या बारीक अक्षरांतल्या शब्दांकडेही बघा: नको वाटत असताना केलेल्या गोष्टीलाही पलंगापेक्षा जास्त गुण मिळालेत.

दुसऱ्या आठवड्यापासून या टिपणातल्या वरच्या गुणांच्या गोष्टी वेळापत्रकात घालायच्या. इथे लोक हमखास उडी मोठी घेतात. रोज एक तास व्यायाम, पाचला उठणं, घर लख्ख. तीन दिवसांत सगळं कोसळतं आणि 'बघा, माझ्याच्याने काही होत नाही' याला नवा पुरावा मिळतो. ठरवलंय त्याच्या निम्मं करा, आणि तेही जड वाटलं तर त्याचंही निम्मं. अंघोळ जड जात असेल तर पलंगाच्या कडेला पाय जमिनीवर टेकवून बसणं हे पहिलं काम. टॉवेल खांद्यावर टाकणं हे दुसरं. बाथरूमपर्यंत जाऊन नळ सोडणं हे तिसरं, आणि तिथून परत फिरायची पूर्ण मुभा. बहुतेक जण तिथून परत फिरत नाहीत. फिरले तरी तीन कामं झालेली असतात, ती वहीत लिहायची.

वेळ घड्याळाची ठरवा, मनाची नको. 'बरं वाटलं की फिरायला जाईन' नको, 'सात वाजता दाराबाहेर पडेन' असं. आणि सुरुवातीला मजा आली का हे मोजू नका. मजा येणं बंद होणं हेच तर या आजाराचं एक मुख्य लक्षण आहे, ते परतायला वेळ लागतो. केलं की नाही, एवढंच मोजा. बऱ्याच जणांच्या बाबतीत वागण्यातला बदल आजूबाजूच्यांना आधी दिसतो आणि स्वतःला बरं वाटणं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी जाणवतं. या मधल्या काळात 'काही उपयोग होत नाहीये' म्हणून सोडून देणारे खूप आहेत.

आखणीत एक नावडतं कामही ठेवा. न उघडलेली पत्रं, उत्तर न दिलेले निरोप, भरायचं राहिलेलं बिल. अशी कामं मागे लागून राहतात आणि त्यांचा आकार रोज वाढतो. दहा मिनिटांचा गजर लावून त्यातलं एकच हातात घ्यायचं, गजर वाजला की थांबायचं.

विचारांचं मग काहीच करायचं नाही का? करायचं, पण भांडायचं नाही. पहाटे साडेतीनला जाग आल्यावर तुम्ही जे करत असाल, की माझ्याच वाट्याला हे का, मी असा का झालो, त्या वेळी तसं का वागलो, ते वाटतं विचार केल्यासारखं, पण ते उगाळणं असतं. सुझन नोलन-होक्सेमा यांनी या सवयीवर आयुष्यभर काम केलं. जे लोक उदास झाल्यावर उगाळत बसतात त्यांचं नैराश्य जास्त खोल जातं आणि लांबतं, असं त्यांच्या अभ्यासांतून दिसलं. ओळखायची खूण सोपी आहे: अर्धा तास विचार करून एखादी नवी, करण्याजोगी गोष्ट हाती लागली का? नसेल लागली तर ते उगाळणं. तिथे 'का' सोडून 'आता काय' वर यायचं. पुढच्या दहा मिनिटांत काय करता येईल? उठून दुसऱ्या खोलीत जाणं हेही उत्तर चालतं. उगाळण्याला अंथरूण, अंधार आणि एकटेपणा फार मानवतो, त्यामुळे जागा बदलली की निदान त्याची साखळी तुटते.

एखादा विचार सारखाच टोचत असेल तर कागदावर उतरवा आणि त्याचे दोन भाग करा. 'साहेबांनी आज माझ्याकडे बघितलंही नाही, माझं काम त्यांना पटत नाही, मला काढणार.' यात प्रत्यक्ष घडलं ते फक्त पहिलं वाक्य. उरलेली दोन मी जोडली. जोडलेली वाक्यं खोटीच असतील असं नाही, पण ती अजून घडलेली नाहीत, एवढं कागदावर दिसलं तरी पकड सैल होते.

ध्यानाबद्दल विचारणारे बरेच असतात. सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आहे, तो नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून उपयोगी ठरल्याचं चांगल्या चाचण्यांत दिसलं आहे, विशेषतः ज्यांना ते वारंवार येतं त्यांच्यात. पण नैराश्य ऐन भरात असताना, डोळे मिटून एकट्याने अर्धा तास बसणं म्हणजे उगाळण्याला आयतं अंगण देणं. तेव्हा चाला. पावलांकडे, आवाजांकडे लक्ष देत चाललं तरी पुरे.

नैसर्गिक उपायांत मी व्यायामाला सगळ्यात वर ठेवते. १९९९ साली जेम्स ब्लुमेंथाल यांनी पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांचे तीन गट केले: एक व्यायामाचा, एक सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा, एक दोन्हींचा. गोळीवाल्यांना सुरुवातीला लवकर उतार पडला, पण १६ आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखे सुधारलेले होते. २०२४ साली २१८ चाचण्या एकत्र करून झालेल्या आढाव्यात चालणं किंवा जॉगिंग, योग आणि वजनं उचलण्याचे व्यायाम हे सगळेच उपयोगी दिसले, आणि दमवणाऱ्या व्यायामाचा फायदा थोडा जास्त. मात्र ब्लुमेंथाल यांच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा गटात, कुणाच्या तरी देखरेखीखाली व्यायाम करायचा होता, हे विसरू नका. घरी एकट्याने ते टिकवणं अवघड आहे. सोबत बघा. न बोलणारी सोबतही चालते, फक्त ठरल्या वेळी दाराशी कुणीतरी उभं असावं.

झोपेत सगळ्यात महत्त्वाची वेळ उठण्याची. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ रोज तीच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पहाटे जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून बाहेर या, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे मिटायला लागले की परत जा. दुपारची लांब झोप बंद. उठल्यावर लवकरात लवकर बाहेरच्या उजेडात जा. विशिष्ट ऋतूत येणाऱ्या नैराश्यात सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) प्रखर दिव्यासमोर बसवतात तो या उजेडाचाच उपचार, आणि बायपोलर असेल तर हाच उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. सकाळचं चालणं उजेडात केलं की दोन कामं एकत्र होतात.

दारूने संध्याकाळ सोपी आणि पहाट अवघड होते. निदान महिनाभर पूर्ण बंद ठेवून बघा. रोज जास्त पिण्याची सवय असेल तर मात्र एकदम बंद करणं धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला.

आहाराबद्दल ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेली ६७ जणांची एक चाचणी आहे; भाज्या, फळं, डाळी, धान्यं, मासे असा आहार १२ आठवडे घेतलेल्यांत सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, फक्त गप्पांची सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. आशादायक आहे, पण चाचणी लहान आहे. वेळेवर आणि बरं खा, यापलीकडे मी रुग्णांना आहाराचं फार ओझं देत नाही. ड जीवनसत्त्व सगळ्यांनी घ्यावं असं म्हणतात. पन्नाशीच्या पुढच्या १८,००० हून अधिक लोकांच्या अमेरिकेतल्या चाचणीत त्याने नैराश्य टाळता आलं नाही. तपासणीत कमी निघालं तर घ्या, तेवढंच.

आणि सेंट जॉन्स वर्ट. पिवळ्या फुलांच्या या वनस्पतीचा अर्क सौम्य-मध्यम नैराश्यात गोळ्यांच्या तोडीस उतरतो असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, त्यामुळे 'नैसर्गिक' म्हणून तो परस्पर मागवला जातो. पण तो यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या यंत्रणेचा वेग वाढवतो. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, एचआयव्हीची औषधं यांचा परिणाम त्याने कमी होतो. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतला तर शरीरात सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता याला हात लावू नका. आणि आधीच नैराश्याची गोळी चालू असेल तर 'नैसर्गिक उपाय सुरू केले' म्हणून ती एकदम बंद करू नका. चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होतात आणि आजार परत उलटतो. कमी करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, टप्प्याटप्प्याने.

घरच्यांना 'मला समजून घ्या' असं सांगून फारसं काही होत नाही, कारण त्यांना नेमकं काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा काम द्या. 'सकाळी सातला मला हाक मार आणि मी नको म्हटलं तरी दारापर्यंत चल.' 'मन खंबीर कर असं म्हणू नकोस, आज वहीत काय लिहिलं ते विचार.' बहुतेक माणसांना मदत करायची असते.

मुदत घाला. हे सगळं प्रामाणिकपणे चार ते सहा आठवडे करा आणि दर दोन आठवड्यांनी ती नऊ प्रश्नांची बेरीज पुन्हा मांडा. आकडा खाली येतोय असं दिसलं तर चालू ठेवा, आणि बरं वाटायला लागल्यावर लगेच आखणी सोडू नका. जिथल्या तिथेच असेल, वर जात असेल, खाणं-पिणं सुटत असेल किंवा कामावर जाणं बंद पडत असेल तर मुदत संपायची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांकडे जा. गोळी घ्यावी लागली तरी वही, चालणं, ठरलेल्या वेळी उठणं हे चालूच ठेवायचं असतं; दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. जाताना ती वही बरोबर न्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची, काढ्यांची आणि पावडरींची यादी न्या. घरात कुणाला असा त्रास होता का ते विचारून ठेवा. आणि पहाटे साडेतीनला जाग येते हे आपणहून सांगा, कारण गर्दीच्या वेळी 'झोप कशी आहे?' असं विचारलं की आपण सवयीने 'ठीक आहे' म्हणून मोकळे होतो.